हुकमी बेसूर

बेसूरबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा तिला त्याच नावानं ओळखायचा. सगळी त्या सिनेमाची कृपा. एका हमालाचा सिमेंटसम्राट होतो आणि शेवटी भाड्याच्या खोलीत एकटा मरतो, असा तो जुना, गाजलेला सिनेमा. त्यात बाई त्याची बायको झाली होती. भर मेजवानीत तो बायकोला गायला लावतो, ती बेसूर गाते, पाहुणे फिदीफिदी हसतात आणि तिथून गड्याचे ग्रह फिरतात.

आता खरी गंमत ऐका. बाईचा गळा म्हणजे नुसतं सोनं होतं. दिग्दर्शकानं हातापाया पडून तिला सुराच्या केसभर खाली गायला लावलं. असं नेमकं चुकायलाही तालीम लागते, महाराज. पण जगाला त्याचं काय? तिच्याकडे गाणं शिकायला कोण पोरं पाठवणार? जिथं जाईल तिथं एकच फर्माईश, "ते बेसूर गा ना." बाई गायची. पोटाला चिमटा बसला की कुणीही गातं.

सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून सत्कार ठरला. बाई भाचीला म्हणाली, "तेच गाणं सुरात गाणार. मरायच्या आधी एकदा कळू दे मेल्यांना."

"मावशी, आधी घरी पियानोवर बसूया का जरा?"

"मला शिकवतेस होय गं? तू गाणं शिकलीस कुणाकडे?"

भाचीनं पियानोचं झाकण लावून टाकलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. "आज खरं ऐका," बाईनं माईकवर ठणकावून सांगितलं. भाचीनं पियानोवर सूर दिला. बाईनं डोळे मिटले आणि ती जीव ओतून गायली. पहिल्याच ओळीला हशा पिकला, मग टाळ्या, मग शिट्ट्या. बाईचं डोकं फिरलं. सुरात गातेय तरी हसतात? माणसं आहेत की दगड? ती आणखी मन लावून गायली. लोक आणखी हसले.

तिनं भाचीकडे पाहिलं. भाची मान खाली घालून एकच सूर पुन्हा पुन्हा, जोरजोरात वाजवत होती. बाईनं कान दिला. सूर वर होता, तिचा गळा खाली. तिनं चढायचा प्रयत्न केला. गळा हलेना.

लोक उभे राहून "वन्स मोअर" ओरडू लागले. भाचीनं पियानोवरचे हात काढून घेतले. बाई मात्र गातच राहिली. थांबली असती तर सांगावं लागलं असतं, की हे मुद्दाम नव्हतं.