किल्लारीच्या पत्र्यानं गाणं ऐकलं

मित्रांनो, मी एक जुना पत्रा हाय. दहा फूट लांब, अंगावर नऊ भोकं, कडेला गंज. हसा खुशाल. पण लातुरात मी जेवढं बघितलंय, तेवढं तुमच्या सरांनीबी बघितलं नसंल. आन् मी खोडकर हाय, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझीच चूक सांगायचीय.

कारखान्यात तापलो, जस्तात बुडालो, अंगावर लाटा पाडून घेतल्या आन् ट्रकात पडलो. वाटलं, एखाद्या मोठ्या गोदामाच्या डोक्यावर ऐटीत बसीन. ट्रक थांबला किल्लारीला. साल होतं १९९३. भूकंपाला महिना झाला होता. दगडमातीची घरं माणसांच्या अंगावर पडली होती, आन् जी माणसं वाचली त्यांच्यासाठी रानात शेडच्या रांगा उभ्या राहत होत्या.

मला ठोकलं जिलानीनं. हा शिंपी माणूस. सुईचा हात, हातोडीचा न्हाई. दोन बोटं सुजवून घेतली आन् माझा एक कोपरा तसाच ढिला ठेवला. माझ्याखाली तो, त्याची बायको चांदबी आन् काही महिन्यांची पोरगी आलिया, असे तिघं राहायला आले.

तिथं माझं लई कौतुक. जो तो म्हणायचा, "पत्रा बरा बाबा. पडला तरी जीव घेत न्हाई." मी फुगून गेलो.

आता माझी खोड सांगतो. वारा आला की माझा ढिला कोपरा वाजायचा, खडखड खडखड. तेवढ्यानं, परत भूकंप आला म्हणून, सगळी रांग भाईर. शेजारचा हणमंतराव एकदा निम्म्या तोंडाला साबण, निम्मी दाढी केलेली, तसाच पळत आला. मला हसू आवरंना. आन् पत्र्याचं हसू म्हणजे काय? परत खडखड. परत लोक भाईर.

"जिलान्या, तुझा पत्रा हाय का तमाशा?" हणमंतराव चिडला. "ठोक की त्येला नीट."

"ठोकतो मामा. बोट तर बरं होऊ द्या."

"तुझं बोट बरं होईस्तोर आमी काय रानातच दाढी करायची का?"

मला वाटायचं, लोकांनाबी मजा येत असंल.

मग उन्हाळ्यातली एक दुपार आली. चांदबी पोरीला घेऊन निजली होती. रानातून वावटळ उठली आन् मी वाजलो, जोर लावून. चांदबी ताडकन उठली आन् हाताला आलं ते छातीशी कवटाळून भाईर पळाली. उन्हात उभी राहून थापटायला लागली. "कुछ नै हुआ, कुछ नै हुआ," म्हणत होती. हणमंतरावाची बायको तारामती जवळ गेली. तिनं बघितलं आन् हळूच म्हणली, "चांदबी, ही उशी हाय गं."

पोरगी आतच होती, गाढ झोपलेली.

चांदबी तिथंच मातीत बसली. रडली न्हाई. उशी मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. त्या दिवशी मी हसलो न्हाई, मित्रांनो. दिवस मावळायच्या आत तिनंच दगड घेतला आन् माझा कोपरा ठोकून टाकला. पण त्यानंतर जरा कुठं आवाज झाला, की ती आधी आलियाचं मनगट धरायची आन् मग पळायची.

पुढं लोकांना पक्की घरं मिळाली आन् आमी पत्रे विकले गेलो. लातुरात बसलिंगप्पा नावाच्या घरमालकानं मला घेतलं. त्या दिवसांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघून राहिले होते. बसलिंगप्पानं गच्चीवर खोल्या काढल्या आन् मला वर टाकून क्लासची पोरं भाड्यानं भरली. पोरं उन्हाळ्यात माझ्यावर बादलीनं पाणी मारायची आन् खाली बसून पाठांतर करायची. मला निम्मी बायोलॉजी पाठ झाली. परीक्षेला तेवढं कुणी बसू दिलं न्हाई. एक वर्ष तर मला उतरवून टॉपरांच्या फ्लेक्सच्या मागं उभं केलं. पुढून हार त्यांना, मागून वारा मला.

मग त्या खोल्यांवर पक्का स्लॅब टाकला. मला कोपऱ्यात फेकलं. तीन वर्षं माझ्या आडोशाला कोंबड्या बसल्या. सुटका केली लिंबाजी मंडपवाल्यानं. तो कुठंबी कार्यक्रम असला की पत्र्याचं कुंपण मारायचा. सर्कस, सभा, प्रदर्शन, सगळं मी उभ्यानं बघितलं. पाठमोरं.

आन् २०११ च्या जूनमध्ये मिहिका आली. मुंबईची गायिका. क्लासच्या गल्लीत भिंतीभिंतीवर तिचीच चित्रं. रिंग रोडच्या मोठ्या मैदानाला आमी गोल वेढा दिला. पाच वाजल्यापासून पोरापोरींची रीघ लागली. तेवढ्यात माझ्याजवळ कुणीतरी म्हणलं, "इथंच बसू. पत्रा जवळ असलेला बरा. पडला तरी जीव घेत न्हाई."

आवाज मी वळखला. चांदबी होती. केस पिकायला लागलेले. संगं आलिया, अठरा वर्षांची, लातुरात क्लासला राहिलेली, आन् तिच्या खोलीतली मैत्रीण, औशाची सुकन्या.

"काकू, पुढं चला की," सुकन्या म्हणली. "इथून ती बाई मुंगीएवढी दिसती."

"मुंगी तर मुंगी. आपण ऐकायला आलाव का बघायला?"

"दोन्हीला आलाव. दोन वर्षं नुसती पुस्तकं बघितली."

आलिया तिला म्हणली, "गप बस गं. अम्मी आली हेच लई झालं. अब्बानं सांगितलंय, अम्मी बसली तर तू बस, अम्मी उठली तर तूबी उठ."

दिवस मावळताना बाजा सुरू झाला. मित्रांनो, ती काय धडधड. मैदानाची माती हालायला लागली. आन् लिंबाजीच्या माणसानं मला एक खिळा कमी मारला होता. मी वाजलो. खडखड खडखड. आईशप्पथ सांगतो, या बारीला मी मुद्दाम केलं न्हाई.

चांदबी ताडकन उभी राहिली. तिनं आलियाचं मनगट धरलं. "उठ. भाईर चल."

"अम्मी, भाईरच हाव की आपण. वर बघ, आभाळ हाय."

चांदबी ऐकंना. पोरीला ओढत गेटापर्यंत आली. गेट माझ्या बाजूलाच. तिथं भुजंग नावाचा पहारेवाला शिट्टी घेऊन उभा. "मावशी, भाईर गेलात तर परत आत न्हाई बरं. तिकीट फाटलंय तुमचं."

मिहिकाचं पहिलं गाणं सुरू झालं होतं. आलिया भांडली न्हाई. एवढंच म्हणली, "एक गाणं, अम्मी. एक तरी."

मला वाटलं, आपल्या अंगाची घडी करून गप पडावं. पण पत्र्याला कुठलं आलंय गप राहणं.

तेवढ्यात चांदबीनं माझ्यावर तळवा ठेवला. किल्लारीच्या शेडमध्ये सगळे असंच करायचे, हादरा सरला का न्हाई ते हातानं बघायचे. ती डोळे मिटून उभी राहिली. ढम्, ढम्, ढम् ढम्. मग जरा थांबलं. परत ढम्, ढम्, ढम् ढम्. तिची बोटं माझ्यावर हलायला लागली. चारदा तसंच आलं. पाचव्यांदा तिनं डोळे उघडले.

"ह्ये मोजून येऊन राहिलंय," ती म्हणली. "भूकंप मोजून येत न्हाई."

"काकू, ड्रमवाला हाय तो," सुकन्या म्हणली. "त्या काळ्या पेट्यांतून आवाज येतो."

"कुठल्या पेट्या? दाव."

सुकन्यानं बोट केलं. चांदबीनं टाचा उंचावून त्या पेट्या नीट बघितल्या. मग म्हणली, "त्येला सांगा, जरा दमानं बडव म्हणावं." आन् परत येऊन माझ्याजवळ बसली. तळवा माझ्यावरच. त्या हाताखाली माझी खडखड बंद झाली.

दुसऱ्या गाण्याला तिनं आलियाचं मनगट सोडलं.

आलिया तशीच बसून राहिली. मनगट चोळत आईकडं बघत.

"बघती काय? जा पुढं," चांदबी म्हणली. "मी हाय इथं."

पोरी पळाल्या, पार स्टेजपाशी. चांदबी शेवटपर्यंत बसली. मला तर मिहिका दिसलीच न्हाई, मी पाठमोरा. पण गाणं मी त्या हातातून ऐकलं.

मित्रांनो, एवढं एक मागणं हाय. तुमच्या घरातबी कुणीतरी भांडं पडलं की दाराकडं पळत असंल. त्येला हसू नका, मी हसलो होतो. आन् "काय न्हाई झालं" असंबी म्हणू नका. त्येला काय झालं होतं, ते तुम्हाला ठाव नसतं. त्येचा हात धरा, आन् आवाज कुठून आला ते बोट करून दाखवा. बास, मग ते माणूस आपलं आपण बसतं.