गादीवाल्या शेठची रेसची गाडी

मित्रांनो, मी एक स्पोर्ट्स कार आहे आणि मी जुनी आहे. या दोन गोष्टी एकाच गाडीच्या वाट्याला येऊ नयेत, पण आल्या आहेत. रंग लाल, दारे दोन, सीटा दोन, छप्पर शून्य.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नारळाची झाडे आणि गार वारा होता. त्यानंतर मला जळगावला पाठवण्यात आले. इथे मे महिन्यात शेजारच्या कुंदाबाई माझ्या बॉनेटवर उडदाचे पापड वाळवत. पापड उत्तम होत. माझ्याबद्दल ऐकलेले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले सुरेशचंद शेठनी. त्यांचे गाद्यांचे दुकान आहे. छप्पर मागाहून येते अशी त्यांची समजूत होती. दोन वर्षे त्यांनी शांतपणे वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी त्यांनी छपराचा विषय सोडला आणि मला कामाला लावले. शेजारच्या सीटवर गुंडाळलेली गादी उभी करून ते गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवत. एकदा चौकात पोलिसाने थांबवले आणि गादीला पट्टा लावायला सांगितले. शेठनी लावला. मग लग्नसराईत माझ्यातून एकेचाळीस नवरदेव मिरवले. त्यातले एकोणचाळीस घाबरलेले होते. उरलेले दोघे झोपले होते.

ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे रस्त्यांवर माझ्यापेक्षा उंच गाड्या आल्या आणि नवरदेवांना उंची आवडू लागली. मला गोदामात ढकलण्यात आले. अंगावर आधी एक गादी पडली, मग दुसरी. सहा वर्षांत सात गाद्या झाल्या. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगला उगाच नाचू न देणारे एक नळकांडे असते, त्याला मिस्त्री लोक शॉकअप म्हणतात. माझे चारही शॉकअप त्या ओझ्याखाली गेले. एवढ्या मऊ वस्तूंनी मोडलेली मी बहुधा पहिलीच गाडी असेन.

यंदा एप्रिलमध्ये शेठची नात पलक शिक्षण संपवून घरी आली आणि तिने सातही गाद्या उचलल्या. धुळ्याच्या एका जिनिंगच्या आवारात मे महिन्यात हौशी लोकांची शर्यत होणार होती. कापसाचा हंगाम संपला की ते सिमेंटचे भलेमोठे आवार रिकामे पडते. तिथे शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकट्याने गाडी पळवायची. त्यात ‘जशीच्या तशी’ नावाचा एक गट होता. गाडी कारखान्यातून आली तशीच हवी. टायर आणि शॉकअप बदलले तर चालतील, स्प्रिंगला हात लावायचा नाही.

नेमके तेव्हाच शेठनी ठरवले होते की मला दुकानाच्या छपरावर चढवायचे. चाके काढून, आत एक गादी बसवून, जाहिरात म्हणून. क्रेनवाला येऊन माझी मापे घेऊन गेला होता. पेंटरने ‘गाडी जुनी, गादी नवी’ अशी पाटीही रंगवली होती. मित्रांनो, चाके काढलेल्या गाडीला पुढे काही आयुष्य नसते. जन्मभर छप्पर नव्हते आणि शेवटी छपरावरच जायचे, या विचाराने माझे ऑइल गळू लागले.

“दादाजी, एक शर्यत तरी पळू द्या,” पलक म्हणाली.

“पळव. एकही शंकू न पाडता आलीस तर गाडी तुझी. पडला तर सोमवारी क्रेन.”

“एक पडला तर?”

“एक पडला तरी सोमवारच.”

पलकने नवे शॉकअप मागवले. त्यांच्या डोक्यावर एक स्क्रू होता. आवळला की चाक कडक, सैल सोडला की मऊ. ते बसवायला तिने मला नशिराबादला हिलाल मिस्त्रींकडे नेले. तीस वर्षे ते केळीच्या ट्रकांचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवत आहेत. यावलहून भरलेला ट्रक हिलालनानांच्या पाट्यांवर दिल्लीपर्यंत वाकत नाही, अशी त्यांची ख्याती आहे. मला कोणी वाकू नको म्हटले नव्हते, पण मला वाकायचे आहे का, हे त्यांनी विचारलेच नाही.

“माय, तू बिनघोर ऱ्हाय,” ते पलकला म्हणाले. “ट्रकले जे लागस, तेच इले लागस.”

त्यांनी चारही स्क्रू शेवटपर्यंत आवळले. तरी त्यांचे समाधान होईना. मग ट्रकच्या जुन्या टायरचे चार तुकडे कापून त्यांनी माझ्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत ठोकून बसवले. मला लाथ मारून पाहिली. मी हलले नाही. ते स्वतः मात्र लंगडत बाजूला झाले.

“आते हालस का? तीस वरीस व्हयनात, मन्हा हातनी गाडी बसनी नही.”

शनिवारी दुपारी धुळ्यात सराव होता. शेठही आले होते, कारण जिनिंगचे मालक त्यांच्या ओळखीचे होते आणि गादीच्या कापसाबद्दल बोलायचे होते. पलकने मला सोडले. त्या आवारात सिमेंटच्या लाद्यांच्या मध्ये सांधे आहेत. पहिल्या सांध्यावर मी उडाले. दुसऱ्या सांध्यापर्यंत खाली आलेच नव्हते. हवेत असलेल्या गाडीला वळण घेता येत नाही, हे मला तेव्हा कळले. पलकचा चष्मा मागे पडला, मी पुढे गेले, आणि आम्ही नऊ शंकू आडवे केले. दहावा एका कुत्र्याने पाडला. तोही आमच्याच नावावर लागला.

गाड्या तपासणाऱ्या किरणताई खाली वाकल्या. “स्प्रिंगमध्ये हे काय घातलंय?”

“टायरना तुकडा,” हिलालनाना म्हणाले.

“नाना, जशीच्या तशी गट आहे हा.”

“मंग? कापेल शे, पन टायर जशाना तसाच शे.”

“उद्या सकाळी हे तुकडे दिसले तर गाडी बाद,” किरणताई म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

पलक जमिनीवर बसली. तेवढ्यात सुरेशचंद शेठ आले आणि सवयीप्रमाणे त्यांनी माझ्या पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवून दाबला. मित्रांनो, शेठ प्रत्येक वस्तू दाबून बघतात. गादी दाबतात, कलिंगड दाबतात, नवीन जावयाचा खांदाही त्यांनी दाबला होता. गादी दाबली की ती किती खाली जाते आणि कशी वर येते, यावरून ते आतला कापूस सांगतात.

त्यांनी दोनदा दाबले. मी गेलेच नाही खाली.

“हिलालभाऊ, हा ओटा आहे. यावर कपडे धुवावेत.”

“शेठ, कडक गाडी मजबूत ऱ्हास.”

“मजबूत आहे, पण जमिनीला टेकत नाही, त्याचं काय? गादी कडक झाली की माणूस रात्रभर कूस बदलतो. ढिली झाली की डुलत राहतो. दाबलं की खाली जावी, एकदाच वर यावी, आणि तिथेच थांबावी. तिला चांगली गादी म्हणतात.”

पलकने मान वर केली. “दादाजी, शॉकअपचंही अगदी हेच असतं.”

“सगळ्याचं हेच असतं. स्क्रू कुठे आहे?”

हिलालनानांची तीस वर्षांची ख्याती चार स्क्रूंत अडकली होती. मग त्यांनी पाना घेतला, टायरचे चारही तुकडे काढले आणि खिशात ठेवले. संध्याकाळपर्यंत तिघे माझ्याभोवती फिरत राहिले. शेठ कोपरा दाबत, पलक बघे, हिलालनाना स्क्रू फिरवत.

“पाव फेरा सोडा.”

“सोडी दिन्हा, शेठ.”

“हिची मागची डावी बाजू अजून रुसलेली आहे.”

“गाडी रुसस का, शेठ?”

“सात गाद्या तिच्या अंगावर मीच टाकल्या होत्या. रुसणारच.”

सूर्य कलला तेव्हा शेठनी शेवटचे दाबले. मी खाली गेले. एकदाच वर आले. थांबले. हिलालनानांनी आपणहून दुसरा कोपरा दाबून पाहिला, मग तिसरा, मग उगाचच पहिला पुन्हा.

रविवारी सकाळी सातला शर्यत सुरू झाली. किरणताईंना स्प्रिंगमध्ये स्प्रिंगच सापडली. शंकू कमी पडल्यामुळे शेवटच्या वळणावर पाण्याचा रिकामा जार ठेवला होता. पलकने मला सोडले आणि तेच सांधे आले. या वेळी माझी चाके सांध्यांत उतरली, वर आली आणि जमिनीवरच राहिली. पलकने डावीकडे वळ म्हटले की मी डावीकडे वळत होते. इतक्या वर्षांत हे सुख मला कोणी दिले नव्हते. एक शंकू हलला नाही, दुसरा नाही, बारावा नाही. शेवटच्या वळणावर मी जारला न शिवता पुढे गेले. पण जार रिकामा होता आणि धुळ्याचा वारा भरलेला होता. जार डुलला, विचारात पडला आणि आडवा झाला.

“तिने हात नही लावा,” हिलालनाना म्हणाले.

“पडला म्हणजे पडला,” किरणताई म्हणाल्या. आम्ही सहांत चौथ्या आलो.

“पडला म्हणजे पडला,” शेठही हळूच म्हणाले.

परत येताना शेठ माझ्या शेजारच्या सीटवर बसले. गादीच्या जागी. पलकने त्यांना पट्टा लावला. मी पारोळ्यापर्यंत क्रेनचाच विचार केला. रस्ता जागोजागी उखडलेला होता, पण मी प्रत्येक खड्ड्यात खाली जाऊन एकदाच वर येत होते. शेवटचा प्रवास तरी नीट करू, असे मनाशी ठरवले होते.

पारोळ्यानंतर शेठच्या बाजूने घोरण्याचा आवाज आला.

मित्रांनो, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय केली, त्याला स्वतःला पाठदुखीमुळे तासभरही झोप लागत नव्हती. घरात नव्या गाद्यांचे ढीग असून लागत नव्हती. तो माणूस माझ्यात एरंडोल ओलांडून थेट जळगावच्या वेशीपर्यंत झोपला. जाग आल्यावर त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग पाठ चाचपली.

“दादाजी, क्रेनवाल्याला उद्या किती वाजता बोलावलंय?” पलकने समोर बघतच विचारले.

“दहाला. येऊ दे. माझी जुनी स्कूटर चढवू.”

“पण जार पडला.”

“पडला. मी विसरलो नाही. पण मी गादीवाला आहे, पलक. जिच्यात झोप लागते ती वस्तू कोणी छपरावर ठेवतं का? ती खाली ठेवतात, गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल अशी.”

मला त्या क्षणी इतके हलके वाटले, की पुन्हा उडते की काय अशी भीती वाटली. पण माझे स्क्रू नीट होते. मी जमिनीवरच राहिले.

सोमवारी दहाला स्कूटर वर गेली. पाटी तीच राहिली. हिलालनाना आता ट्रकवाल्यांनाही सांगतात, ‘जरासा वाकू दे’. ते चार तुकडे त्यांनी गॅरेजच्या दारापाशी पायपुसण्यासारखे ठेवले आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू गोदामात, माळ्यावर किंवा गाद्यांखाली पडली असेल. तिला टाकून देण्याआधी आणि सजवून छपरावर चढवण्याआधी एवढे करा, तिच्यावर एकदा तळहात ठेवा. थोडे दाबा. ती वर येते का ते बघायला क्षणभर थांबा.

शेठ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी माझ्यापाशी थांबतात. मडगार्डवर तळहात ठेवतात. मी खाली जाते, एकदाच वर येते आणि थांबते. “हं,” शेठ म्हणतात, आणि शटर वर करतात.