बारावा खळगा

आमचे हे, म्हणजे धामापूरच्या शाळेचे गुरुदास मास्तर, मला बघायला आले आणि पाच मिनिटांत पसंती देऊन मोकळे झाले. देवबागच्या माझ्या आत्येला कोण कौतुक! "बघ गो विमल, एका नजरेत पसंत केल्यान!" पुढे कळलं की ती नजर माझ्यावर नव्हतीच. विड्याच्या तबकात माझ्या बापाने गोव्याचं एक जुनं नाणं, तांगा, ठेवलं होतं, त्यावर ह्यांची नजर होती. लग्नाच्या चौथ्या दिवशी मला विचारलं, "तां तबकातलां नाणां खंय गेलां गो?" आता अशा माणसाशी बोलायचं काय!

सांगते ती गोष्ट नवे पैसे चालू झाले त्याच्या पुढल्या वर्षाची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. लोकांना नाद असतो गोळा करण्याचा, ह्यांना नाकारण्याचा. गावातली माणसं मडक्या-गाडग्यांतली जुनी नाणी घेऊन आमच्या पडवीत यायची आणि हे भिंग लावून एकेक परत करायचे. "ह्याचो काठ झिजलो. ह्याची वेलांटी गेली. ह्याका चिंच लावून कोणी घासलां? पाप लागतला!" ह्यांचं म्हणणं, शंभर भिकार नाणी ठेवण्यापेक्षा बारा ठेवावीत, पण अशी की कोणाची नावं ठेवायची छाती होऊ नये. बारा म्हणजे बारा. सुताराकडून फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली, तिला आत बारा खळगे. खळग्यांना अस्तर हवं म्हणून माझं लग्नातलं हिरवं मखमली पोलकं कापलं. विचारलं नाही, सवरलं नाही. एक शिवराई निवडायला ह्यांनी दीड वर्ष घेतलं, छत्तीस शिवराया बघून. बायको पाच मिनिटांत आणि शिवराई दीड वर्षात. काय समजायचं ते समजा.

अकरा खळगे भरले होते. बारावा गोल नव्हता, बोटाएवढा लांबट होता. तो लारीसाठी. लारी हे आदिलशाहीच्या काळात आपल्या बंदरांतून चालणारं नाणं. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची आणि वर अक्षरं ठोकायची, झाली लारी. हे मला आता पाठ आहे. तेव्हा भात वाढला की लारी, ताक वाढलं की लारी, पण ऐकत कोण होतं? मी आपली "हूं" म्हणायची आणि आमटीकडे बघायची.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी खारेपाटणचा हाफिज आला. त्याचं बाजारात भांड्यांचं दुकान. मोडीत आलेल्या चांदी-तांब्यात एखादं नाणं दिसलं की तो ह्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.

"मास्तरांनू, तीन वर्सां लारी लारी करीत होतास. ही घेवा!"

मी चहा घेऊन बाहेर आले, तर ह्यांच्या तळहातावर ती वस्तू. माझा हात आपसूक आंबाड्याकडे गेला. कपबशी पडता पडता राहिली. तशीच आत गेले आणि चुलीच्या उजेडात आंबाड्यातला आकडा काढून बघितला. लग्नात आत्येने दिलेला, तिला तिच्या सासूने दिलेला. चांदीची दुमडलेली तार, आणि दोन्ही अंगांना बारीक बारीक अक्षरं. इतकी वर्षं मी ते सोनाराचे टोले समजत होते! हाफिजच्या लारीचं टोक कापलेलं होतं. माझी कशी टोकापासून टोकापर्यंत धडधाकट.

बाहेर ह्यांचं चाललंच होतं. "हिची अक्षरां अर्धी आसत. नको."

"मास्तर, दुसरी खंय गावायची नाय."

"मगे खळगो रिकामो रवांदे. भिकार नाणां मी ठेवचंय नाय."

"आठ दिस तुमच्याकडे रवांदे, विचार करा. पुढच्या ऐतवारी येतंय," असं म्हणून हाफिज लारी ठेवून गेला.

मी धावत जाऊन सांगणारच होते. पण दारापर्यंत गेले आणि असा राग आला म्हणता! अठरा वर्षं मी ह्या माणसाला पाठमोरी दिसतेय. चुलीपुढे, तुळशीपुढे, विहिरीवर. वेलांटी मोडलेली ह्यांना पडवीच्या त्या टोकावरून दिसते, आणि घरातल्या आंबाड्यातली लारी दिसत नाही? म्हटलं, विमले, आठ दिवस. त्यांनी आपणहून बघितलं तर लारी त्यांची. नाही बघितलं तर सोमवारी सोनाराकडे जायचं आणि तिची जोडवी करून पायात घालायची. भगवतीची शपथ!

त्या दिवसापासून अबोलीची वेणी बंद केली, न जाणो लारी झाकेल म्हणून. सोमवारी ह्यांच्यापुढे पाठ करून तासभर तांदूळ निवडले. खडा एक नव्हता. मंगळवारी तिथेच केस विंचरायला बसले, तर म्हणाले, "अगो, उजेडातून सर." बुधवारी लारी दातांत धरून आंबाडा घालता घालता त्यांच्याशी बोलले, तर म्हणाले, "दात दुखतत काय गो?" गुरुवारी मी बोललेच नाही. ते ह्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी ह्यांनी पेटी पुसायला काढली होती. "अगो, कायतरी बारीक दी. कोपऱ्यात धूळ बसली हा."

मी आंबाड्यातला आकडा काढला आणि ह्यांच्या हातात ठेवला. खरं सांगते, त्यांनी बारावाच खळगा उघडा केला आणि लारीसाठी केलेल्या खळग्यातली धूळ लारीनेच कोरून काढली. घडीभर ती त्यात बसलीसुद्धा, मापात, अगदी मापात! मग उचलून माझ्याकडे दिली. "घे तुझो आकडो."

मी मागीलदारी जाऊन रडले. रडताना हसूही येत होतं, त्याचा जास्त राग आला.

रविवारी हाफिज आला. ह्यांनी त्याची लारी फडक्यात गुंडाळून परत केली. "टोक नाय तर नाणां नाय," म्हणाले. मी चहा ठेवला आणि आत वळले. मागून हाफिजला ठसका लागलेला ऐकू आला. परक्या बाईच्या केसांबद्दल बोलायचं कसं, म्हणून बिचारा जमिनीकडे बघतच म्हणाला, "मास्तर, गुन्हो माफ करा. पण वयनींच्या आंबाड्यात काय आसा तां एकदा बघा."

"आकडो आसा," हे म्हणाले. मान वर केली नाही.

"बघा तरी!"

बघितलं असावं, कारण भिंग खाली पडल्याचा आवाज आला. "अगो! ही... ही लारी! अख्खी! दी, दी माका!"

"देवचंय नाय," मी वळून म्हटलं. "उद्या सोनाराकडे जातलंय. जोडवी करतलंय. आठ दिस तुमच्या डोळ्यांसमोर नाचवलंय! परवा हिनाच तुमी खळगो कोरलास! शिवराईक दीड वर्स बघलास, माका अठरा वर्सांत एकदा तरी नीट बघलास काय?"

बोलले आणि डोळ्यांना पाणी आलं. लाज वाटली, पण बोलले ते बरं झालं. हाफिज कपात तोंड घालून बसला.

ह्यांनी भिंग उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. वाटलं, आता उपटणार. पण हात लावला नाही. "बघू?" म्हणून विचारलं. ह्यांनी मला विचारून काही केलेलं ते पहिलंच. मी मान खाली घातली. किती वेळ बघत होते कोण जाणे, श्वास मानेला लागत होता. मग हळूच म्हणाले, "अगो, तुझे केस पिकले कधी?"

"तुमी शिवराई निवडीत होतास तेव्हा!"

हाफिजचा चहा नाकात गेला.

सोनाराकडे गेले नाही. भगवतीपुढे नारळ ठेवून शपथ सोडवून घेतली. लारी पेटीतही गेली नाही. ह्यांनीच सांगितलं, "जागेवर आसा, ती थंयच बरी." बारावा खळगा अजून रिकामाच आहे. कोणी पेटी बघायला आलं की अकरा नाणी ऐटीत दाखवतात, आणि बारावं विचारलं की हाक मारतात, "अगो, जरा पाठ फिरव." मनात असलं तर मी फिरवते, नसलं तर सांगते, भाकरी करपतेय.

आता रोज संध्याकाळी माझा आंबाडा बघतात. लारी जागेवर आहे ना, तेवढंच बघतो म्हणतात. म्हणेनात का.