जुडी कुठेय?

विमा कंपनीत मी लोकांचे दावे नाकारते. नाही म्हणण्याचाच पगार आहे मला, आणि तो मी इमानदारीने कमावते. घरी मात्र गेली काही वर्षं ‘हो बाबा’ याखेरीज दुसरं वाक्य नव्हतं, आणि तेही दात-ओठ खाऊन म्हटलेलं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, घराच्याच खालच्या मजल्यावर. ते बंद झालं, पण जागा अजून बाबांच्या नावावर आहे, आणि बाबांचं डोकं जागेवर नाही. गेल्या हिवाळ्यात कुणी गोड बोलणारा गृहस्थ आला आणि बाबांनी त्याला दुकानाची किल्ली देऊन टाकली. “चांगला मुलगा आहे. नंबर मायनस चार,” एवढीच त्याची माहिती. किल्ली परत मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. मग गॅस उघडा राहिला. मग पुन्हा राहिला. दुसऱ्या वेळी मी इतकी ओरडले की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. बाबा खुर्चीत अंग चोरून बसले होते. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त कंटाळा आला होता, हे खरं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या शहरातली बढती आली. ‘आली’ असं मी सगळ्यांना सांगते. मी ती मागून घेतली होती.

नात्यात कुणावर सोपवावं तर नातं म्हणजे एक आतेभाऊ, त्याला बाबांपेक्षा दुकानाच्या जागेची काळजी. तेव्हा मी पैसे देऊन माणूस शोधायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं घरदार, औषधपाणी, सह्या, सगळं कायद्याने बघणारा परका माणूस मिळतो, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिला आला तो बाबांकडे न बघता भिंती बघत बसला. दुसरा बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलला. बाबांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. तिसऱ्या या बाई. वयाने माझ्याएवढ्याच, आवाज करडा, चष्मा तिरका.

“बाबा, या पालक,” मी ओळख करून दिली. विश्वस्त वगैरे म्हटलं असतं तर वकील आले असं समजून ते बिथरले असते.

“पालक? आणि जुडी कुठेय?” बाबा म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. तिथेच माझं मन ठरलं.

बाबांनी आधी त्यांचा चष्मा मागून घेतला. खणातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, एक दांडी कसली, दुसरी जराशी वाकवली, काचा सदऱ्याला पुसल्या आणि दोन्ही हातांनी तो बाईंच्या नाकावर चढवून दिला. एवढं करताना त्यांचा हात अजूनही थरथरत नाही. मग बाईंनी सावकाश सगळं सांगितलं: घराकडे कोण बघेल, दवाखान्यात कोण नेईल, बँकेत कोण जाईल.

“चालेल ना तुम्हाला?” त्यांनी शेवटी विचारलं.

“चालेल म्हणजे काय! बरं झालं आलात. माझ्यामागे हिचं कोण, या विचाराने झोप लागत नव्हती मला.” बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. “हिचा राग नाकावर असतो बघा, पण टिकत नाही. फक्त रागावली की जेवत नाही. तेवढं विचारत जा. आईविना वाढलीय पोर. आणि दुकान हिच्यासाठीच ठेवा, त्या आतेभावाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.”

मला कळायला एक क्षण लागला. शाळेत ‘पालकांना घेऊन ये’ म्हणायचे, तेव्हा बाबा दुकान बंद करून यायचे. पालक मुलांना असतो. म्हाताऱ्यांनाही असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मीही सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. होकार मिळाला होता, तो कुणासाठी मिळाला याच्याशी मला काय करायचं होतं?

बाईंनी पाणी मागितलं आणि माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

“त्यांना वाटतंय, मी तुमची पालक होणार.”

“हो म्हणालेत ना पण.”

“तुमच्यासाठी म्हणालेत.”

“खरं सांगितलं तर नाही म्हणतील. मग मी काय करू? नोकरी सोडू?” माझा आवाज चढला. “आणि संध्याकाळपर्यंत विसरतीलच. कशाला दुखवायचं उगाच?”

“विसरू देत. पण आज खऱ्याला हो म्हणू देत, नाहीतर मला हे काम नको. अंधारात ठेवून घेतलेल्या सहीचा दावा तुमच्याकडे आला, तर तुम्ही मंजूर करता?”

बाईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. मी उगाचच हातातला स्वच्छ ग्लास पुन्हा विसळला आणि बाहेर गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी बाबांच्या पायाशी खाली बसले.

“बाबा, या माझ्या पालक नाहीत. तुमच्या आहेत. मी दुसऱ्या गावी राहायला चाललेय, नोकरीसाठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे.

“गॅसमुळे का गं?”

नाही म्हणण्याचा पगार घेणारी मी, पण तेव्हा नाही म्हणता आलं नाही. “मला झेपत नाही हो, बाबा,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

“अगं, मग आधी नाही का सांगायचं!” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग बाईंना विचारलं, “दोघांना घेता का हो? मला थोडं कमी बघितलंत तरी चालेल. पण हिचं ते जेवणाचं विसरू नका.”

“नाही विसरणार.”

“मग माझा होकार आहे,” बाबा म्हणाले.

आता बाबा मला ओळखत नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी मला बसायला सांगितलं, नंबर विचारला आणि “सोबत घरचं कुणी नाही का?” अशी चौकशी केली. घर लख्ख आहे, दुकान चांगल्या माणसाला भाड्याने दिलंय, आतेभाऊ रुसून बसलाय. तक्रार करावी असं काहीच नाही. तरी तिथून परतले की कित्येक दिवस माझा स्वतःवरचा राग जात नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी बाईंचा फोन येतो. कळवायचं ते कळवून झालं की त्या न चुकता विचारतात, “जेवलात का?”

“हो,” मी म्हणते.

“खरं?”

मग मी फोन कानाशी तसाच धरून उठते आणि गॅस पेटवते.