मी तुटायला हवा होतो

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला. पण अख्खा नाही, मधोमध कापलेला. एका तुकड्याला बक्कल आहे, दुसऱ्याला भोकं आहेत, आणि दोघं एकाच खिळ्याला लटकलेत. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. चामडंच मी, बोलणंही तसंच राठ. पण जे सांगतोय ते डोळ्यांदेखत घडलेलं आहे, तेवढं ऐका.

मला मामाने बनवलं. गल्लीच्या तोंडाशी चपला आणि बॅगा दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान. सख्खी बहीण त्याला एकच, पण मामा म्हणते अख्खी गल्ली. ती बहीण आणि तिची जाऊ शेजारी शेजारी राहतात. घरं दोन, मागचं अंगण एक. दोघींची मिळून लाँड्री आहे. पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं, मधल्या खोलीत दोन मोठी मशिनं, आणि मागे अंगणभर दोऱ्या. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, सगळं तिथे वाळत पडतं. मामाची बहीण थोरली. तिचा कुत्रा ढब्बू. धाकटीची कुत्री काडी. नावावरून दोघांची अंगकाठी कळलीच असेल तुम्हाला.

एकदा फिरायला नेलं असताना ढब्बूने मान मागे ओढली, आणि जुन्या नायलॉनच्या पट्ट्यातून डोकं काढून थेट मोठ्या रस्त्यावर धूम ठोकली. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचला. थोरली तशीच, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, मामाच्या दुकानात आली.

"दादा, असा पट्टा करून दे की निघता कामा नये आणि तुटता कामा नये."

"कुत्रं आहे का रेडा?"

"ढब्बू आहे. दोन्ही धर."

मामा हसला, पण कामाला हसत नाही तो. जाड चामड्याचे दोन थर एकावर एक चिकटवले, आरीने भोकं पाडली, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी उलटसुलट ओवला. बक्कल बसवलं आणि त्याला दोन रिबिटा ठोकल्या. मग मला पायाखाली धरून दोन्ही हातांनी असं ओढलं, की त्याच्या कपाळाची शीर टरारली. मी हललो नाही.

"घे," तो म्हणाला. "हत्ती बांध याला. तुटला तर मला सांग."

त्या एका वाक्यावर मी चार वर्षं छाती फुगवून जगलो, मित्रांनो.

खरंच सांगतो, ते दिवस मजेचे होते. ढब्बूची मान ऊबदार, केसाळ, जरा वास मारणारी. थोरली आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा घेऊन मला पुसायची. पोस्टमन म्हणायचा, "काय पट्टा आहे हो!" मग धाकटीनेही काडीला तसाच करून घेतला, आणि बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात माझा एकेक भाऊ. मला गळ्यातून कधी काढत नसत. आंघोळीलाही नाही. थोरलीचं म्हणणं, पट्टा असला की कुत्रं घरचं, नसला तर पालिकेचे गाडीवाले उचलून नेतात. तिचं काही चुकलं नव्हतं. रस्त्यावर मी त्याला दोनदा वाचवलं, हे मला माहीत आहे.

पण अंगण म्हणजे रस्ता नव्हे. एवढी साधी गोष्ट ना तिला सुचली, ना मामाला. आणि मी तर पट्टा, मला काय सुचणार?

दुपारी काम हलकं झालं की दोघं कुत्री चादरींच्या मधून पळापळी करायची. ढब्बू धप्पकन आडवा पडायचा आणि काडी त्याची मान तोंडात धरायची. चावायची नाही हं. नुसतं धरायची आणि सोडायची, धरायची आणि सोडायची. त्यांचा तो खेळच. एकदा तिचे खालचे दात माझ्या खाली शिरले. क्षणभर दोघंही जागच्या जागी थबकली. मग ढब्बूने मान झटकली आणि दात निसटले. धाकटी तोंडात चिमटे धरून चादर वाळत घालत होती.

"ताई, बघ गं! काडीने तुझ्या लेकाची कॉलर धरली!"

"धरू दे. काल त्याने तिचं ताट चाटून ठेवलं होतं. बरोबर केलं तिने."

दोघी हसल्या. मीही हसलो असेन. त्याच दिवशी कुणीतरी मला गळ्यातून काढून खिडकीत टाकायला हवं होतं.

मग तो दिवस आला. दवाखान्याचे पडदे आले होते, दोन्ही मशिनं धडधडत होती. अंगणात कुणी नव्हतं. काडीने मान धरली आणि तिचा खालचा जबडा पुन्हा माझ्या आत शिरला. या वेळी खोल. तिने तोंड मागे ओढलं, निघेना. ती घाबरली आणि गरकन लोळली. तिच्याबरोबर मी पिळला गेलो. ओला पंचा पिळतात ना, तसा. काडी किंचाळली. ढब्बूच्या तोंडून आवाज येईना.

धाकटी आधी पोचली, मागून थोरली.

"सोड! अगं सोड त्याला!" थोरली ओरडली. हातात ओला पडदा होता, तोच तिने काडीच्या पाठीवर हाणला. धाकटीने काडीला कमरेतून धरून आपल्याकडे ओढलं, थोरलीने ढब्बूला आपल्याकडे. दोघींना वाटलं, कुत्री भांडताहेत. तुम्हालाही तेच वाटलं असतं. आणि जितकं त्या ओढत होत्या, तितका मी आवळत होतो.

मग थोरलीला बक्कल आठवलं. पण बक्कल उघडायचं म्हणजे पट्टा आधी आणखी जरासा आवळावा लागतो, तेव्हा काटा भोकातून निघतो. आवळायला जागाच उरली नव्हती. धाकटीने दोरा कापायची कात्री आणली. त्या कात्रीने माझा एक थरसुद्धा कापला गेला नाही. तुटावं म्हणून मी किती तडफडलो! एक टाका निघाला नाही. एक रिबिट हलली नाही. मामाचं काम होतं ते.

ओरडा ऐकून मामा चामडं कापायची रापी घेऊन धावत आला, आणि एका झटक्यात त्याने मला कापलं. काडी सुटली. तिचा एक दात मोडला होता. ढब्बू सुटला, पण उठला नाही.

थोरली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मशिनं आपलं धुणं संपवून आपोआप थांबली. बराच वेळ कुणी तिकडे फिरकलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. थोरली धाकटीला एवढंच म्हणाली, "तुझ्या कुत्रीने माझा ढब्बू मारला. ती या अंगणात राहिली तर मी इथे काम करणार नाही." मग बोलणं बंद. एका खोलीत दोन इस्त्र्या, दोघींच्या पाठी एकमेकींकडे.

मला मामाने उचलून दुकानाच्या खणात टाकलं होतं. चौथ्या दिवशी धाकटी दुकानात आली.

"दादा, विटांच्या भट्टीवरचा मुकादम शनिवारी येतोय. काडीला घेऊन जाणार. तिथे साखळीला बांधून टाकतील हो तिला." तिने डोळ्यांना पदर लावला. "तुम्ही तरी ताईला सांगा. माझी काडी चावरी नाही."

"बघतो," मामा म्हणाला. पण बघितलं त्याने दुसरीकडेच.

ती गेल्यावर त्याने मला खणातून काढलं आणि माझ्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. बाहेरून माझ्यावर दाताची एक खूण नव्हती. खोल चर पडला होता तो आतून. ढब्बूच्या मानेवरही कुठे जखम नव्हती, हे त्याने त्याच दिवशी पाहिलं होतं. त्याला सगळं कळलं होतं, मित्रांनो. ज्या क्षणी कापलं, त्याच क्षणी कळलं असणार. पण खरं सांगायचं तर सांगावं लागणार होतं, की जीव त्याने केलेल्या पट्ट्याने घेतला. आणि अख्ख्या गल्लीच्या गळ्यात त्याचेच पट्टे.

त्याने मला परत खणात ठेवलं. पुन्हा काढलं. पुन्हा ठेवलं. तीन दिवस हेच. मला वाटलं, एक दिवस हा मला चुलीत घालणार आणि काडी भट्टीवर जाणार.

शनिवारी सकाळी मुकादमाचा टेम्पो गल्लीत शिरला. मामाने चहाचा कप तसाच खाली ठेवला. माझे दोन तुकडे एका खिशात घातले, माझा एक लहान मापाचा नवाकोरा भाऊ दुसऱ्या खिशात, आणि चालू पडला.

थोरली इस्त्री करत होती. त्याने न विचारता तिचा हात धरला आणि मनगटावर नवा पट्टा बांधला.

"दादा, हे काय चाललंय?"

"गप्प. धाकटे, इकडे ये. दोन बोटं घाल याच्या खालून."

धाकटीने बिचकत बोटं घातली. मामाने तिचा हात धरून एकदा पुरता फिरवला. पट्टा पिळला.

"आई गं!" थोरली ओरडली. "सोड मला!"

"सुटत नाहीत गं ताई बोटं! मी काय करू?"

"दोघी ओढा," मामा म्हणाला.

ओढलं. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता बक्कल काढ."

थोरलीचा दुसरा हात बकलापाशी गेला आणि तिथेच थांबला. तिचा चेहरा बदलला. मामाने दोघींचे हात एकमेकींकडे ढकलले, उलटा फिरवून पीळ काढला, आणि बोटं सहज बाहेर आली. मग त्याने माझे तुकडे टेबलावर ठेवले, आतली बाजू वर करून.

"तिने चावलं नाही गं. ती अडकली होती. सुटायला बघत होती बिचारी. तुम्ही ओढलंत, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. पट्टा मी केला, मलाही माहीत नव्हतं. पण हे मला सात दिवस कळलं होतं आणि मी बोललो नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल मला."

 थोरलीने त्या चरावर बोट ठेवलं.

"ती अडकली होती," ती हळूच म्हणाली, "आणि मी तिला ओल्या पडद्याने मारत होते."

दारात मुकादम आला. "बाई, कुत्री न्यायची होती ना?"

"नाही," थोरली म्हणाली. "कुठेही न्यायची नाही."

ती अंगणात गेली. काडी तिला बघून टाकीमागे लपली. थोरली टाकीपासून चार हातांवर ओल्या फरशीवरच बसली. हाक मारली नाही, हात पुढे केला नाही, नुसती बसली. थोड्या वेळाने धाकटी येऊन तिच्या शेजारी बसली. काडी त्या दिवशी जवळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली, थोरलीच्या गुडघ्याला नाक लावलं, आणि थोरलीने आधी काय केलं असेल तर तिच्या गळ्यातलं बक्कल उघडलं.

तेव्हापासून मी मामाच्या भिंतीवर आहे. तेल लावायला कुणी येत नाही, धूळ बसते. बसू दे. मामाने घरोघरी जाऊन आपले पट्टे दाखवले आणि सांगितलं. काही लोक त्याला वाटेल ते बोलले. ते त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. आता कुणी पट्टा मागायला आलं, की तो माप घ्यायच्या आधी विचारतो, "कुत्रं एकटंच असतं, का जोडीला कुणी आहे?"

मित्रांनो, रस्त्यावर मी हवाच. पण कुत्र्यांना आपसात खेळायला सोडाल तेव्हा त्यांचे गळे मोकळे करा. दोघांचेही. पट्टा काढायचाच नसेल, तर जोराचा ताण आला की आपोआप उघडतो तसला घाला. आणि कधी दात अडकलाच, तर ओढू नका. दोघांना एकमेकांजवळ आणा, पीळ उलटा फिरवा. जाड पट्टा कापेल असं हत्यार हाताशी ठेवा. घट्टपणाचा गर्व मी केला, तुम्ही करू नका.

आज सकाळीच एक बाई दोन पिल्लं घेऊन आली होती. मामाने आधी दोघांचे पट्टे काढून टेबलावर ठेवले, मग माप शोधायला लागला. पिल्लं माझ्या खालीच फरशीवर लोळत होती. एकाने दुसऱ्याची मान गच्च धरली. मी वरून श्वास रोखून बघत होतो. त्याच्या तोंडात नुसते केस आले. त्याने ते थुंकले, एक शिंक दिली, आणि पुन्हा धरायला धावला.