दहा मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मत्सरी आहे. जुना होण्यात माझा काही दोष नाही, मत्सरी मात्र माझा मीच झालो. आपली हकीकत सांगताना सगळे आधी आपले गुण सांगतात. मी अवगुण आधी सांगतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच माझी बाजू घेऊन भांडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे भाग जुळवले, झाकण लावलं, चार स्क्रू पिळले आणि पुढच्याकडे सरकवलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मग मी खोक्यात बसून एका स्प्रिंगांच्या कारखान्यात आलो. तिथल्या थोरल्या मालकांनी माझ्यासाठी जिन्याखाली खास खोली बांधून घेतली होती. टेबल, पंखा, आणि दारावर पाटी: 'आत खाऊपिऊ नये.' पहिल्या दिवशी सगळे कामगार मला बघायला आले. कागदांचे गठ्ठे जाऊन आता सगळा हिशोब या पेटीत राहणार, याचं त्यांना कोण नवल. मी तेव्हाच थोडा चढलो.

माझी देखभाल तारवाल्या भाऊंकडे होती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण छतात सरपटत जाऊन सगळ्या कारखान्याच्या तारा त्यांनी एकट्याने ओढल्या, तेव्हापासून ते तारवाले भाऊ. दर शनिवारी ते माझं झाकण उघडायचे आणि मऊ ब्रशने आतली धूळ झाडायचे. "किती खातोस रे धूळ, जेवायला मिळत नाही का?" असं म्हणायचे. मग माझ्याकडच्या सगळ्या नोंदींची एका डबीत नक्कल करून ती पिशवीत टाकायचे, कारखान्यात काही झालंच तर निदान नोंदी वाचाव्यात म्हणून. त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी बसून माझी आठवण त्यांच्या घरी जायची. असा मान कुणाला मिळतो?

मला थोडं रुसायची सवयही होती. दुपारी खोली तापली की अडून बसायचो. बाहेर ओरड सुरू व्हायची, मग भाऊ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. "चल बाबा, लोक थांबलेत." मी मुद्दाम दोन मिनिटं जास्त घ्यायचो, कारण तेवढा वेळ हात पाठीवर राहायचा.

आता कारखान्यातली एक गंमत सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. भट्टीसमोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे. ते दहा मिनिटं पुढे आहे. कामावर कुणाला उशीर होऊ नये म्हणून थोरल्या मालकांनी ते मुद्दाम पुढे केलं होतं. सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि इतकं ठाऊक होतं की कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मी आलो तेव्हा भाऊंनी माझंही घड्याळ त्याच्याशी जुळवलं. म्हणजे आम्ही सगळेच दहा मिनिटं पुढे, पण आमचं आमच्यात जमलेलं. फोन फाटकापाशी ठेवून आत यायचं, असा तिथला नियम. त्यामुळे खरी वेळ आत यायचीच नाही.

त्या घड्याळाखाली भट्टीवाल्या मावशी उभ्या असायच्या. वळवलेल्या स्प्रिंगा ताटात भरून भट्टीत शेकायच्या, ते काम त्यांचं. चाळीस मिनिटं शेक बसला की स्प्रिंग आपला आकार सोडत नाही. शेक कमी पडला तर दाबल्यावर दबूनच बसते, वर येत नाही. मावशी ताट ठेवताना एक बटण दाबायच्या, काढताना दुसरं. मी वेळा टिपायचो आणि काढायची वेळ पडद्यावर दाखवायचो. एकोणीस वर्षांत एक ताट बिघडलं नाही. अर्थात यातलं श्रेय मावशींचं किती आणि माझं किती, हे मी कधी मोजलं नाही. सगळं माझंच धरून चालत होतो.

मग थोरले मालक घरी बसले आणि त्यांची मुलगी कारखाना बघू लागली. तिला सगळे मॅडम म्हणतात. मॅडमनी एक टाय घातलेला माणूस आणला. त्याने प्रत्येक यंत्रावर साबणाच्या वडीएवढी एकेक पांढरी डबी चिकटवली. भट्टीचं दार कधी लागलं, कधी उघडलं, यंत्र किती तापलं, किती थरथरतंय, सगळं ती डबी ओळखणार आणि क्लाउडला कळवणार. क्लाउड म्हणजे काय, हेही टायवाल्याने सांगितलं. दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो सर्व्हर ओळीने उभे असतात, आणि त्यांची ताकद भाड्याने मिळते. काम वाढलं की जास्त घ्या, उतरलं की सोडून द्या.

म्हणजे माझेच भाऊबंद की हो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, गर्दीच्या दिवसांत मी दमतो हे खरं, अडतो हेही खरं. पण मी इथे आहे. माझ्यावर हात ठेवता येतो. त्या क्लाउडची धूळ कोण झाडणार? त्याला डब्याशेजारी बसवून घरी कोण नेणार? तोंड ना पाठ, आणि जो तो त्याचंच कौतुक करतोय.

मला वाटलं, भाऊ तरी नाक मुरडतील. सुरुवातीला मुरडलंही. एके दिवशी मॅडम जिन्याखालच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, स्पष्ट बोलते. दोन आठवडे दोन्ही चालवू, हा जुनाही आणि नवंही. ते नीट चाललं तर तुम्हीच सांभाळायचं, मला बाहेरचा माणूस नको. पण नाही जमलं, तर सगळंच त्यांच्या कंपनीकडे देते. मग इथे तुमचं काम उरणार नाही."

"या वयात शिकायचं म्हणजे, मॅडम..."

"तारा ओढायला तरी कुठे शाळेत गेला होतात?"

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं. मी त्यातलं मला हवं तेवढंच ऐकलं. 'नाही जमलं तर.' एवढ्या तीन शब्दांवर मी आठवडाभर जगलो. ते जमलं नाही की भाऊ परत माझे. पुढचं वाक्य मी कानाआड केलं.

आणि भाऊ शिकू लागले. आधी कपाळावर आठ्या घालून, मग कुतूहलाने, मग काय सांगू, आनंदाने. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर तो पातळ पडदा ठेवून बसायचे, पाठ माझ्याकडे. एकदा स्वतःशीच हसले. "वा रे पठ्ठ्या," म्हणाले. एकोणीस वर्षांत मला ते कधी पठ्ठ्या म्हणाले नव्हते. त्या शनिवारी त्यांनी माझं झाकण उघडलं नाही. ब्रश खणातच राहिला. मी पंखा घरघरवला, दोनदा अडलो. त्यांनी मागे न बघता नुसतं बटण दाबून मला परत सुरू केलं. पोटात असं काही दुखलं म्हणता.

चाचणी सुरू झाली. मावशींना सांगितलं होतं, ताट काढायचं ते नव्या पडद्यावरच्या वेळेप्रमाणे. माझी दोन बटणं फक्त नोंदीपुरती दाबायची. पहिलं ताट आत गेलं आणि दार लागलं. डबीने ते खऱ्या वेळेप्रमाणे टिपलं: दहा वाजता. पडद्यावर आलं: 'दहा चाळीसला काढा.' ठेवताना घड्याळाकडे बघायची मावशींना आता गरजच नव्हती. त्यांनी बघितलं ते काढताना. भिंतीवर दहा चाळीस झाले, त्यांनी ताट काढलं. पण भिंतीवर दहा चाळीस म्हणजे खरे दहा तीस. चाळीसऐवजी तीसच मिनिटं शेक बसला होता.

मला हे पहिल्याच ताटाला कळलं. माझ्याकडे मावशींच्या दोन्ही बटणांच्या वेळा होत्या आणि मधलं अंतर तीस मिनिटांचं होतं. मी मनात म्हटलं, बुडाला. कुणी मला विचारलं नव्हतं, ही माझी सबब. खरं कारण हे की मला फार बरं वाटत होतं. ताटामागून ताट कच्चं निघत होतं आणि मी गार पडून मजा बघत होतो.

चौथ्या दिवशी तपासणीच्या दाबयंत्रावर स्प्रिंगा दबल्या त्या दबल्याच. सगळा माल परत आणून ठेवला. टायवाला आपला पडदा घेऊन आला. "यात स्वच्छ दिसतंय, प्रत्येक ताट दहा मिनिटं आधी काढलंय. माणसाची चूक आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पडद्यावर जी वेळ आली त्या वेळेला काढलंय मी. एक मिनिट इकडेतिकडे नाही. पंचवीस वर्षं भट्टी सांभाळतेय, मला चाळीस कळत नाहीत?"

"ताई, यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. मग भाऊंना म्हणाल्या, "एक तर मावशी चुकल्यात, नाही तर तुम्हाला या डब्या नीट चालवता आल्या नाहीत. काहीही असलं तरी हे असं चालवता येणार नाही. उद्या कंपनीशी करार करते. त्यांची माणसं येईपर्यंत जुनाच चालू दे. सॉरी, भाऊ."

मी जिंकलो होतो. भाऊ खोलीत आले आणि दार लावून बसले. आता वळतील, मला वाटलं. आता म्हणतील, तूच बरा होतास रे.

ते वळले नाहीत. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एकेक वस्तू पिशवीत टाकायला घेतली. स्क्रूड्रायव्हर, जुना चष्मा, तारांची कात्री, माझा ब्रश. बाहेरच्या टेलिफोनवरून घरी काम गेल्याचं सांगून आले होते, ते लाल डोळ्यांवरून कळत होतं. तेव्हा ते वाक्य, जे मी कानाआड केलं होतं, ते माझ्यापर्यंत पोचलं. ते माझ्याकडे परत येत नव्हते. ते कुठेच परत येत नव्हते. मित्रांनो, मला भाऊ हवे होते, पण भाऊंचं भलं मला नको होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

पिशवी भरून झाली. मग माझ्याकडे खुर्ची वळवून म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होईल. पण मावशींवरचा ठपका तरी जाऊ दे. दाखव बघू तुझ्याकडच्या वेळा."

भर दुपार होती. खोली तापली होती. अडून बसायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. अडलो असतो तर कुणाला नवल वाटलं नसतं. आणि दाखवलं तर काय होणार, तेही मला समजत होतं. क्लाउड निर्दोष सुटणार, भाऊंचं काम वाचणार, आणि मग जिन्याखाली माझी गरज कुणाला? मी ओळी दाखवू लागलो. हळूहळू, पण एक न वगळता.

भाऊंनी नव्या पडद्यावरच्या वेळा शेजारी धरल्या. पहिलं ताट बाहेर: माझ्याकडे दहा चाळीस, तिकडे दहा तीस. दुसरं ताट बाहेर: माझ्याकडे अकरा पस्तीस, तिकडे अकरा पंचवीस. तिसरंही तसंच. चौथंही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "घड्याळ."

पिशवी तिथेच टाकून ते धावले. मी आतून सगळं ऐकलं. आधी भाऊंचा आवाज, मग मावशींचं हसू, मग सगळ्यांचंच. टायवाला म्हणाला, घड्याळ लगेच बरोबर करा. मावशी म्हणाल्या, "त्या घड्याळाला हात लावायचा नाही. त्याच्या जिवावर माझी एकदाही बस चुकलेली नाही." शेवटी भाऊंनीच मार्ग काढला. पडद्यावर घड्याळातली वेळ दाखवायचीच नाही, 'किती मिनिटं राहिली' तेवढंच दाखवायचं. दुसऱ्या दिवसापासून ताटं नीट निघू लागली. करार काही झाला नाही. नवं सगळं भाऊंच्या हाती आलं.

दोन आठवडे संपले आणि त्यांनी मला बंद केलं. त्याआधी झाकण उघडून धूळ झाडली, सावकाश, कोपरे न् कोपरे.  मी या वेळी अडून त्यांना थांबवून घेतलं नाही.

आता मी फाटकाजवळच्या खोलीत कपाटावर आहे. माझ्यावर कामगारांच्या हजेरीचं पुस्तक असतं. मित्रांनो, तुमच्याकडे नवीन काही आलं तर खुशाल वापरा, त्याचं कौतुकही करा. फक्त जुनं बंद करण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला काय माहीत आहे? आणि आम्हा जुन्यांना माझं सांगणं एवढंच, की विचारण्याची वाट बघत बसू नका.

भाऊ रोज सकाळी सही करायला येतात. माझ्याकडे क्वचितच बघतात. नजर हातातल्या पडद्यावर असते, आणि कधीकधी त्याच्याकडे बघून हसतात. खोटं कशाला सांगू, अजूनही पोटात दुखतं. पण ते दुखतं तेव्हा मला कळतं की भाऊ आज कामावर आलेत.