विरळ गहू

घरात तो अजून धाकटाच होता, पन्नाशी उलटली तरी. थोरला भाऊ गेल्यापासून शेतीचा सगळा कारभार वहिनीच्या हाती, आणि धाकटा त्यात सुखी होता. घोळ झाला तो वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा. कृषी सहायकाने बैठकीत चारचौघांत विचारलं, "नव्या पद्धतीनं गहू कोण पेरतंय?" सगळ्यांनी झटकन माना खाली घातल्या. धाकट्याची तेवढी वर राहिली.

निम्मं बी, सरळ ओळीत, वीतवीत अंतरावर. तेही रस्त्याकडेच्या तुकड्यात, जिथून घरचं वर्षभराचं धान्य यायचं!

उगवलं ते इतकं विरळ की गिरणीवाला जाता-येता सायकल थांबवी. "काय रे, रानाला टक्कल पडलं का?" बाकीचे सहायकासमोर "छान, छान" म्हणत आणि त्याची मोटारसायकल वळली की म्हणत, "यांचं काय जातंय? पगार यांचा, पोट आपलं."

धाकट्याला झोप नव्हती. वहिनीला काय तोंड दाखवायचं?

वहिनी आली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच शेतावर निघाली. मागून धाकटा, जीव मुठीत धरून. बांधावर सहायक उभा होता, हातात लांब दांड्याचं कोळपं.

"भाऊजी, हे काय?"

"ते... यांनी विचारलं, वहिनी..."

"मला कोण विचारणार?" ती सहायकाकडे वळली. "बैठका तुमच्या पुरुषांच्या. गव्हातलं तण काढायला दिवस दिवस उकिडवं बसतं कोण?"

सहायक ओशाळला. "चुकलं, काकू. पण याने उभ्यानंच तण निघतं. बघता?"

वहिनीने कोळपं त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. दोन ओळींच्या मधून ढकलत ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. खुरपणीच्या दिवसांत तिला भिंत धरून उठावं लागे, एवढा गुडघा सुजायचा. आज ती न थांबता तिसऱ्या ओळीत शिरली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बी कमी, म्हणजे धान्यही कमी ना?"

"एकेका रोपाला बुडातून नवे फुटवे येतील, भरून निघेल. पण खरं सांगू? तुमच्या जमिनीत किती येतील, याची मलाही धाकधूकच आहे."

वहिनी खळखळून हसली. "हे बरं केलंत, सांगितलंत ते. पिकेल तेवढं पिकेल. गुडघा तरी वाचला माझा! पुढची बैठक आमच्या ओट्यावर घ्या, बायकांना मी बोलावते. आणि भाऊजी, पुन्हा असं परस्पर काही केलंत तर गाठ माझ्याशी आहे."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तो बांधावर टेकला. पाहतो तर सहायकही शेजारी येऊन बसलेला, कपाळ पुसत.

"बसलात काय दोघं?" ओळीच्या पलीकडून वहिनी ओरडली. "ते तण उचलून बांधावर टाका की!"